नावाची किंमत आणि वस्तूची किंमत

वसंतातील व्याख्यानांस जे श्रोते नेमाने येतात त्यांना अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय, शिक्षण हे विषय सवयीचे झालेले असतात. हातातील पर्स आणि अंगावरचा सेंट यांना त्या पंक्तीत बसवावे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्या वस्तूपायी मध्यम स्थितीतील कुटुंब दोन-तीन महिन्यांचा पगार खर्च करावयास किंवा हप्त्यांचे कर्ज डोक्यावर घ्यावयास तयार होते, तिला क्षुल्लक म्हणून चालत नाही. पॅरिस किंवा मिलान येथील नामांकित घराण्याची पर्स आज आपल्याकडे लाख-दीड लाखाच्या पुढे जाते, आणि त्यांच्या सेंटची बाटली दहा हजारांच्या पुढे. पूर्वी ही नावे सिनेनट आणि संस्थानिक यांच्यापुरती होती. आता ती कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी आहेत, लग्नाच्या याद्यांत आहेत, पहिल्या पगाराच्या बेतांत आहेत.

अशा वेळी घरात दोन उत्तरे ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "ही उधळपट्टी आहे, हा नाद सोड." मित्रमैत्रिणी म्हणतात, "हुबेहूब तशीच हजार रुपयांत मिळते, कोणाला कळतंय?" आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. सुगंधाची आणि चांगल्या वस्तूची हौस हे आपल्याकडे कधी पाप मानले गेले नाही. देवाच्या पूजेतसुद्धा गंध, पुष्प आणि धूप आहेत. मंगलकार्यात अत्तराचा फाया आणि गुलाबदाणी आहे. कलाकुसरीचा बटवा आणि कप्प्याकप्प्यांची चंची आपल्या आज्या-पणज्यांनी मोठ्या हौसेने वापरलेली आहे. तेव्हा हौस सोडा हे उत्तर नव्हे, आणि खोटे नाव मिरवा हेही उत्तर नव्हे. तिसरे उत्तर आहे, आणि ते सापडण्यासाठी प्रथम किमतीची फोड करावी लागते.

किमतीची फोड

कोणत्याही महाग वस्तूच्या किमतीत दोन वाटे असतात. एक वस्तूचा : कच्चा माल, कारागिरी, टिकाऊपणा. दुसरा नावाचा : जाहिरात, सजवलेली दुकाने, आणि ती वस्तू हातात असताना लोकांनी आपणाकडे पाहावे याचे मोल. साध्या वस्तूत पहिला वाटा मोठा असतो. चैनीच्या वस्तूत दुसरा. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली धनिक वर्गावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले की, काही वस्तू महाग असूनही खपतात असे नव्हे, तर महाग आहेत म्हणूनच खपतात. किंमत उतरली तर त्यांची ओढही उतरते.

याचा एक अगदी अलीकडचा दाखला पाहा. जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी पॅरिसच्या एर्मेस घराण्याने १९८४ मध्ये एक पर्स तयार केली आणि तिलाच पुढे बर्किन हे नाव पडले. ती मूळची पर्स जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे लिलावात निघाली. ती झिजलेली होती, तिच्यावर ओरखडे होते, पूर्वी चिकटवलेल्या कागदांच्या खुणा होत्या. तिला ८५ लाख युरोंहून अधिक किंमत आली. एवढ्या रकमेत कातडे किती आणि नाव किती, हे सांगावयास गणिताची गरज नाही.

दुसरा दाखला अधिक गंभीर आहे. इटलीत मिलान येथील न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिओर घराण्याच्या एका उत्पादक कंपनीवर प्रशासक नेमला. कारण असे की, पोटकंत्राटदारांच्या कारखान्यांत कामगारांना फार वाईट स्थितीत राबवले जात होते. ते कारखान्यातच झोपत आणि यंत्रांवरील सुरक्षेची साधने काढून टाकलेली होती. त्या प्रकरणाच्या कागदपत्रांतून जगास असे कळले की, दुकानात सुमारे २६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका पर्सच्या घडणीसाठी पुरवठादारास ५३ युरो दिले जात होते. यात कातड्याची किंमत धरलेली नाही, आणि दुकानभाडे, आरेखन, वाहतूक हे खर्चही वेगळे. कंपनीने सुधारणा केल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने प्रशासकाची नेमणूक मुदतीपूर्वी उठवली, हेही सांगितले पाहिजे. तरीही ५३ आणि २६०० या दोन आकड्यांमधले अंतर डोळ्यांआड करता येत नाही. जास्त किंमत दिली म्हणजे कारागिरास जास्त मिळते, हा समज त्याने ढळतो.

नावाला काहीच मोल नाही, असे आमचे म्हणणे नव्हे. जुने नाव हे एक आश्वासन असते : वस्तू दरवेळी सारखी मिळेल, बिघडली तर दुरुस्त करून मिळेल. परंतु त्या आश्वासनापोटी आपण किती द्यावयास तयार आहोत, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे. ज्याला वस्तू हवी आहे त्याने नाव सोडून वस्तू घ्यावी. हाच तिसरा मार्ग. मात्र त्यासाठी वस्तू ओळखता आली पाहिजे. म्हणून आता आधी सुगंध आणि मग पर्स, असा क्रम घेऊ.

सुगंधाच्या नकला आणि त्यांचा इतिहास

ज्या घरांत पन्नास वर्षांपूर्वी ताप आला की कपाळावर यूडी कोलनच्या पट्ट्या ठेवीत, त्या घरांतील मंडळींना पुढील हकिकत मनोरंजक वाटेल. इटलीहून जर्मनीतील कोलोन शहरी गेलेल्या फारिना घराण्याची पेढी १७०९ मध्ये सुरू झाली. संत्रे, लिंबू, बर्गामोट अशा फळांच्या सालींचा ताजा वास असलेले त्यांचे पाणी युरोपच्या राजदरबारांत पोचले आणि शहराच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तेव्हा व्यापारी नावांचे रक्षण करणारा कायदा नव्हता. साहजिकच नकला झाल्या, आणि नुसत्या वासाच्या नव्हे, नावाच्याही. म्युलेन्स नावाच्या एका व्यापाऱ्याने फारिना आडनावाच्या, पण त्या घराण्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून ते नाव वापरण्याचा हक्क विकत घेतला आणि धंदा चालवला. पुढे कज्जे झाले, न्यायालयाने ते नाव सोडावयास लावले, आणि १८८१ मध्ये म्युलेन्स घराण्याने आपल्या घराचा क्रमांक बाटलीवर घातला : ४७११. तो क्रमांकच आज जगभर प्रसिद्ध आहे. दुसऱ्याचे नाव टाकून दिल्यावर त्या मालाला स्वतःचे नाव मिळाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राने सुगंधाचा सारा बाजार पालटला. विल्यम पर्किन याने १८६८ मध्ये कूमारिन हे वाळलेल्या गवतासारख्या वासाचे द्रव्य प्रयोगशाळेत बनवले. १८७४ मध्ये टीमन आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलाच्या शेंगेतील सुगंधी द्रव्य पाइनच्या झाडातील रसापासून तयार केले. १८९३ मध्ये व्हायोलेट फुलांचा वास देणारे आयोनोन हाती आले. त्यापूर्वी त्या फुलांचा अर्क श्रीमंतांनाच परवडत असे, पुढे तो वास साबणातही आला. कूमारिन वापरून उबिगाँ या फ्रेंच पेढीने १८८२ मध्ये सेंट काढला, आणि १९२१ मध्ये शनेल घराण्यासाठी एर्नेस्त बो याने जो प्रसिद्ध ५ क्रमांकाचा सेंट बांधला, त्यात फुलांच्या अर्कांबरोबर अल्डिहाइड नावाच्या कृत्रिम द्रव्यांची भरपूर मात्रा घातली. तात्पर्य, अतिमहाग सेंट म्हणजे शुद्ध फुलांचा अर्क, ही समजूत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच जुनी झालेली आहे.

शिवाय जगातील बहुतेक घराणी आपले सेंट स्वतः बनवीत नाहीत. जिनीव्हा, न्यूयॉर्क, होल्त्समिंडेन अशा ठिकाणच्या मोजक्या सुगंध कंपन्या ते बांधून देतात. त्याच कंपन्या साबण, केसांचे तेल आणि कपडे धुण्याची पूड यांचेही वास तयार करतात. आज वायूरूपात घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने कोणत्याही सेंटमधील बहुतेक द्रव्यांची यादी काढता येते. म्हणून प्रसिद्ध सेंटसारखा वास असलेला, पण स्वतःच्या नावाने विकला जाणारा स्वस्त सेंट निघू शकतो, आणि तो निघतोही.

मग दोहोंत फरक उरतो तो कोठे? तो तीन ठिकाणी असतो. पहिले, काही नवी सुगंधी द्रव्ये शोधणाऱ्या कंपनीने पेटंट घेऊन स्वतःकडेच राखलेली असतात. नक्कल करणाऱ्यास ती मिळत नाहीत. दुसरे, खरे नैसर्गिक अर्क महागच असतात. एक किलो गुलाबतेलास तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. स्वस्त मालात ती मात्रा कापली जाते. तिसरे, सेंटचा वास एकसारखा राहत नाही. फवारल्याबरोबर उडणारी हलकी द्रव्ये आधी येतात, मग फुलांचा गाभा, आणि शेवटी तासन्‌तास टिकणारा लाकूड, राळ, कस्तुरी यांचा तळ. नक्कल करणारा पहिल्या दहा मिनिटांवर मेहनत घेतो, कारण गिऱ्हाईक दुकानात तेवढाच वेळ उभे असते.

यावरून सेंट पारखण्याचा सोपा नियम निघतो. कागदाच्या पट्टीवर वास घेऊन निर्णय करू नये. मनगटावर लावावा, दुकानाबाहेर पडावे, अर्ध्या तासाने एकदा आणि तीन-चार तासांनी पुन्हा हुंगावा. तिसऱ्या तासालाही जो आवडतो तोच घ्यावा, त्याच्यावर कोणाचे नाव आहे हे मग पाहावे. एका फेरीत तीनांहून अधिक वास घेऊ नयेत, नाक थकते. लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस थेंब लावून एक दिवस वाट पाहावी, म्हणजे त्वचेस बाधतो काय ते कळते.

बाटलीवरची भाषाही समजून घ्यावी. ओ द पार्फम म्हणजे साधारण १५ ते २० टक्के सुगंधी द्रव्य, ओ द ट्वालेट म्हणजे ५ ते १५ टक्के, कोलोन म्हणजे २ ते ५ टक्के. ही प्रमाणे कायद्याने ठरलेली नसून व्यापारातील वहिवाटीची आहेत. पण मोठी बाटली स्वस्त दिसली म्हणजे ती स्वस्त असतेच असे नाही, एवढे यातून ध्यानात येते. एका फवाऱ्यात साधारण एक दशांश मिलिलीटर सेंट उडतो. म्हणजे १० मिलिलीटरच्या छोट्या कुपीत शंभर फवारे. समारंभापुरता सेंट लावणाऱ्यास तेवढी कुपी वर्षभर पुरते. ज्याला एखादा महाग सेंट खरोखरच आवडला आहे, त्याने त्याच घराण्याची लहान कुपी घ्यावी; हाही एक परवडणारा पर्याय आहे.

आपल्या दाराशी असलेला पर्याय

पॅरिसकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या लोकांना हे क्वचितच ठाऊक असते की, पॅरिसचे डोळे पुष्कळदा आपल्याकडे लागलेले असतात. तामिळनाडूतील मदुराई आणि कोइमतूर भागातील चमेली आणि मोगरा यांचे अर्क फ्रेंच सेंटमध्ये जातात. उत्तर प्रदेशातील कनौज येथे अत्तर काढण्याची जुनी रीत अद्याप चालू आहे. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून तिचे तोंड मातीने लिंपतात, खाली मंद आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून शेजारच्या भपक्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात गार ठेवलेला असतो आणि त्यात चंदनाचे तेल असते. फुलांचा गंध त्या तेलात मुरतो. असे पुन्हा पुन्हा करीत अत्तर तयार होते.

याच रीतीने तेथे भाजलेल्या मातीचेही अत्तर काढतात. पहिल्या पावसाचा जो मृद्गंध, तो कुपीत भरण्याची ही कला. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी या गंधाची चिकित्सा करून त्यास पेट्रिकोर असे नाव दिले. त्यांच्या लेखात उत्तर प्रदेशातील या मातीच्या अत्तराचा उल्लेख आहे. आपल्या माठात उन्हाळ्यात पडणारा वाळा, ओरिसातील गंजमचा केवडा, हिना, मोगरा ही अत्तरे सेंटच्या मानाने पुष्कळ वेळ टिकतात. त्यांत अल्कोहोल नसल्याने ती फार दूर पसरत नाहीत, पण जवळच्या माणसास जाणवतात. कचेरीत आणि बसमध्ये हा गुणच समजला पाहिजे.

मात्र अत्तराच्या बाजारातही डोळे उघडे ठेवावे लागतात. अस्सल चंदनतेलाचा भाव किलोस लाखाच्या पुढे असल्याने आज बरीचशी अत्तरे पॅराफिनच्या तेलात आणि कृत्रिम द्रव्यांत केलेली असतात. ती वाईटच असतात असे नाही. पण त्यांची किंमत तशीच असावी. गुलाबाचे शुद्ध रूह दहा मिलिलीटर दोनशे रुपयांना देतो असे कोणी म्हणेल, तर मघाचा तीन-पाच हजार किलो फुलांचा हिशेब आठवावा. अत्ताराला सरळ विचारावे, "याचा तळ कशाचा आहे? चंदनाचा की पॅराफिनचा?" जो न अडखळता सांगतो त्याच्याकडे पुन्हा जावे. थोडे घ्यावे, म्हणजे दोन-तीन मिलिलीटर, मागाहून वाढवावे. कुपी उन्हापासून आणि न्हाणीघराच्या दमट हवेपासून दूर ठेवावी.

पर्स कशी पारखावी

पर्सच्या बाबतीत पहिला भ्रम कातड्यासंबंधीचा आहे. लुई व्हितों या घराण्याची अक्षरे आणि फुले छापलेली जी पर्स सर्वांना दिसताक्षणी ओळखू येते, तिचे अंग कातड्याचे नसते. १८९६ पासून प्रसिद्ध असलेली ती नक्षी आज लेप दिलेल्या सुती कापडावर असते. कातडे असते ते पट्ट्यांना आणि कडांना. ते कापड उत्तम टिकते, हे खरे. पण कातड्यासाठी पैसे दिले अशी समजूत असेल तर ती चूक.

उलट टोकाला बाजारातील रेक्झिनची पर्स. तिला दुकानदार "फॉरेन लेदर" किंवा "पीयू लेदर" म्हणतो. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. आपल्या दमट हवेत तो थर हळूहळू कुजतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. मग कोणताही चांभार ते बसवून देऊ शकत नाही. "बॉन्डेड लेदर" म्हणजे कातड्याचा चुरा गोंदात थापून केलेले पान. तेही फार दिवस टिकत नाही. "जेन्युइन लेदर" हा शिक्का कातडे आहे एवढेच सांगतो, चांगले आहे असे सांगत नाही.

अस्सल कातडे ओळखावयाचे तर पर्सची एखादी न रंगवलेली कड किंवा आतली बाजू पाहावी. तेथे तंतूंची लव दिसली तर कातडे. विणलेल्या कापडाचे धागे दिसले तर रेक्झिन. बोटाने दाबले असता कातड्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि बोट काढताच विरतात. वरचा थर मूळचा राखला असेल तर त्यावर जनावराच्या अंगावरील बारीक खुणा दिसतात. अगदी एकसारखे गुळगुळीत कातडे बहुधा घासून, त्यावर रंगाचा लेप देऊन केलेले असते. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेले कातडे सुरुवातीस ताठ असते आणि वापराबरोबर मऊ व गडद होत जाते. क्रोमात कमावलेले पहिल्यापासून मऊ असते आणि पाण्यास अधिक दाद देत नाही. पावसातून रोज जाणाऱ्यास दुसरे बरे.

त्यानंतर शिवण पाहावी. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका तुटला की शेजारचेही उसवू लागतात. हाताच्या जिनगरी टाक्यात एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोरा दोन्हीकडून जातो. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. एर्मेसचे कारागीर हाच टाका घालतात. पण हा टाका घोड्यांचे जीन शिवणाऱ्यांचा आहे, कोणा एका घराण्याच्या मालकीचा नाही. जो कारागीर तो घालू शकतो, त्याच्याकडून तो घालून घेता येतो. सर्व पर्स हाताने शिवून घेणे परवडले नाही तरी पट्टा जेथे अंगास जोडला जातो, तेथे हा टाका मागावा. बहुतेक पर्सा तेथेच तुटतात.

मग चेन दहा वेळा उघडमीट करून पाहावी. ती अडकली तर बाकी काही पाहू नये. अस्तर उलटून पाहावे. बक्कल आणि कड्या पितळेच्या आहेत की मुलामा दिलेल्या हलक्या धातूच्या, हे विचारावे. मुंबईत धारावीच्या दुकानांतून, राज्य सरकारच्या चर्मोद्योग महामंडळाकडून, कलकत्त्याच्या आणि शांतिनिकेतनच्या मालातून या कसोट्यांना उतरणाऱ्या पर्सा मिळतात. नमुना दाखवून बनवून घ्यावयाची असेल तर आकार, कप्पे आणि सोय यांचा नमुना द्यावा. कोणाचे बोधचिन्ह उमटवण्याचा आग्रह धरू नये.

आणि कातडेच पाहिजे असे तरी कोठे आहे? जाड खादी, इरकलीचे काठ, हिमरू यांच्या पिशव्या सुरेख होतात, आणि ज्यांना कातडे वापरावयाचे नाही त्यांच्यासाठी त्या रेक्झिनपेक्षा टिकाऊ ठरतात. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडील लेखकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या खांद्यावर शबनम झोळी असे. ती स्वस्त होती आणि तरीही तिच्याकडे पाहून माणूस ओळखला जाई. प्रतिष्ठेस लाख रुपये लागतातच, हा नियम आपल्याच समाजाने एकदा मोडून दाखवलेला आहे.

आता हिशेब. खालील आकडे आम्ही उदाहरणापुरते धरले आहेत. वाचकांनी आपापले घालावेत. वर्षाकाठी दोनशे दिवस पर्स वापरली असे समजा. नऊशे रुपयांची रेक्झिनची पर्स दीड वर्ष, म्हणजे तीनशे दिवस टिकली, तर दिवसाला तीन रुपये पडले. चार हजारांची कातड्याची पर्स आठ वर्षे, म्हणजे सोळाशे दिवस टिकली, तर दिवसाला अडीच रुपये. दोन लाखांची परदेशी पर्स वीस वर्षे, म्हणजे चार हजार दिवस टिकली, तरी दिवसाला पन्नास रुपये. सर्वांत स्वस्त दिसते ती सर्वांत स्वस्त नसते. सर्वांत महाग असते ती कितीही टिकली तरी महागच राहते. चांगला पर्याय बहुधा मधल्या जागी सापडतो. अर्थात कातड्याची पर्स आठ वर्षे टिकावयाची तर पावसाळ्यात ती सुती कापडात गुंडाळून ठेवली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली तर बुरशी धरते.

नकली माल हा पर्याय नव्हे

येथे कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? पदपथावर त्याच नावाची पर्स मिळते आणि त्याच नावाचा सेंटही." यावर आमचा आक्षेप केवळ नीतीचा नाही, हिशेबाचाही आहे. किमतीचे दोन वाटे आपण पाहिले. पर्याय शोधणारा नाव सोडून वस्तू घेतो. नकली माल घेणारा वस्तू सोडून नाव घेतो, आणि तेही खोटे. म्हणजे जो वाटा सोडण्याजोगा होता तोच त्याने पदरात घेतला. आत तेच रेक्झिन, तीच कच्ची शिवण. सेंटच्या बाबतीत तर बाटलीत कोणते अल्कोहोल आहे याची जबाबदारी घेणारा कोणी नसतो, आणि ते आपण त्वचेवर लावतो. म्हणून स्वस्त सेंट घेताना बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली आहे काय, हे पाहावे. प्रामाणिक स्वस्त सेंटवर ते सर्व असते.

कायदाही याच रेषेवर उभा आहे. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सेंटचा वास ही लेखनकृतीसारखी संरक्षित कलाकृती नव्हे असा निर्णय दिला. त्याच महिन्यात नेदरलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट मत दिले. वासाच्या मालकीबद्दल असे दुमत आहे. नावाबद्दल मात्र ते नाही. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने, आमचा सेंट अमुक प्रसिद्ध सेंटची नक्कल आहे असे तक्ते दाखवून माल विकणे गैर ठरवले, कारण त्यात दुसऱ्याच्या नावलौकिकाचा अनुचित फायदा घेतला जातो. आपल्याकडे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वस्तू कशी चांगली करावी हे कोणाकडूनही शिकता येते, परंतु नाव उचलता येत नाही.

आणि उलटे घडले तेव्हा आपण काय म्हटले, हेही आठवावे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा घराण्याने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या आणि त्या कोठल्या हे सांगितले नाही. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांचा तो मान आहे. आपल्याकडे संताप झाला, आणि मग या चपलांमागील प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे त्या घराण्याने मान्य केले. आपल्या कारागिराचे नाव पुसले गेले म्हणून ज्यांना राग आला, त्यांनी दुसऱ्याचे नाव चोरून छापलेली पर्स खांद्याला लावू नये, एवढा न्याय सरळ आहे.

त्या घटनेत आणखी एक बोध आहे. परदेशी घराण्याने जी वस्तू मिरवावयास नेली, ती आपल्या बाजारपेठेत वर्षानुवर्षे हजार-दोन हजारांत मिळत आहे. तीच वस्तू, तेच हिरड्या-बाभळीत कमावलेले कातडे. फक्त ओळखणारे डोळे बाहेरचे होते. ते डोळे आपल्याला असते, तर तिचा कारागीर आपल्या मुलास हा धंदा नको म्हणून दुसरीकडे पाठवता ना.

म्हणून शेवटी आमची सूचना एवढीच. यंदा घरात कोणी अशा पर्सचा किंवा सेंटचा हट्ट धरला तर त्याला रागावू नये आणि पदपथावरही नेऊ नये. त्याच्याबरोबर अत्ताराच्या पेढीवर जावे, मनगटावर थेंब लावून तीन तास थांबावे. चामड्याच्या दुकानात जाऊन कड आणि टाका पाहावा. कपाटात ठेवलेल्या जुन्या पर्सचा पट्टा आधी दुरुस्त होतो काय, हे विचारावे. आणि नावाची हौस राहिलीच असेल तर ज्याने टाका घातला त्या कारागिराचे नाव विचारून घ्यावे. ते सांगावयास तो एक पैसाही घेत नाही, आणि पुढच्या वेळी चेन बिघडली की कोणाकडे जावयाचे तेही आपल्याला ठाऊक असते.